जिवंत नवऱ्याचा नैवेद्य

तीस एप्रिलला आमच्या व्हिएतनाममध्ये सुट्टी असते. गावोगाव झेंडे लागतात, भाषणं होतात, देश एक झाला म्हणून. लुआ मात्र त्या दिवशी खुशाल भाताची रोपं लावत बसते. तिचा देश एक व्हायला आणखी दीड महिना लागला होता.

चोपन्न साली देशाचे दोन तुकडे पडले आणि तिचा नवरा किएन फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या बाकीच्यांबरोबर उत्तरेला गेला. बोटीवरून त्याने दोन बोटं वर केली: दोन वर्षांत निवडणूक, मग घरी. कसली निवडणूक आणि कसलं काय! इकडे दक्षिणेत, ज्याचा माणूस उत्तरेला त्याच्या मागे पोलीस हात धुऊन लागले. तेव्हा सासूने शक्कल काढली. किएन तापाने गेला म्हणून गावभर रडून आली, त्याचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यात मांडला. पोलीस फिरकेनासे झाले, पण फोटो तिथेच राहिला. रोज भाताची वाटी, वर्षाला श्राद्ध. जिवंत माणसापुढे उदबत्ती लावणं म्हणजे मरणाला आवतण, हे का लुआला ठाऊक नव्हतं? तरी वर्षानुवर्षं ती लावत राहिली.

पंचाहत्तर साली लढाई संपली. गेलेले परतू लागले, किएनचा मात्र पत्ता नाही.

"आई, देव्हाऱ्यातला फोटो काढू?"

"काढ. आणि खरंच गेला असला तर? उपाशी राहील गं लेकरू."

"आणि जिवंत असले तर?"

"मग जळो माझी अक्कल!" म्हातारी रडायलाच लागली.

इकडे आड, तिकडे विहीर. लुआ वाटी ठेवत राहिली.

जूनमधल्या एका दुपारी दारात कुणी उभं राहिलं. पिकले केस, खांद्याला पिशवी. त्याची नजर थेट फोटोवर गेली.

"अगं, मी मेलो कधी?"

लुआला वाटलं, भूतच आलं, आपल्या वाटीवर! तिने देव्हाऱ्यातली वाटी पुढे सरकवली. भूत नुसता वास घेतं, शीतसुद्धा हलत नाही, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. तो मांडी घालून जेवू लागला.

म्हातारीला धड दिसत नव्हतं. "कमी होतोय का गं भात?"

लुआने वाकून पाहिलं. वाटीचा तळ दिसला.

"मासा नाही?" तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला नुसता भात घालता होय?"

लुआने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि हंबरडा फोडला, "हाडं लागली हाताला, आई! खरीखुरी हाडं!"