ती त्याची जागा

“तिथं नको बसू, बाय. ती त्याची जागा.”

राजोडी गावचे इनास अंकल माझ्याशी बोलले, ते हे पहिलं वाक्य. खोलीत आम्ही दोघंच होतो. वेताच्या दुसऱ्या खुर्चीसमोर चहाचा कप वाफाळत होता.

मी तेव्हा कॉलेजात होते. अंकलांचा व्हीसीआर अडला की टेप वाचणारं त्याचं हेड पुसायला मला बोलावणं यायचं. ते काम मी बाबांकडून शिकले होते. अंकल एकटेच राहत, केळीची बाग बघत. रविवारी चर्चमध्ये शेजारच्या जागेवर टोपी ठेवत.

“इनास, अजून कोन यायचंय रे?” लोक चिडवत.

“तू नाय,” एवढंच अंकल म्हणत.

तरुणपणी त्यांनी एकाच चित्रपटात काम केलं होतं. समुद्रकाठच्या घरात राहणाऱ्या, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट. तो चित्रपट आला कधी, गेला कधी, कोणाला कळलंही नाही. त्यातला दुसरा नट अंकलांचा सोबती होता. पडद्यावर, आणि या घरातही. पुढे तो जहाजावर नोकरीला गेला, परतला नाही. त्याचे फोटो अंकलांच्या बहिणीनं चुलीत घातले. त्याचा चेहरा उरला फक्त अंकलांकडच्या त्या चित्रपटाच्या एका कॅसेटमध्ये.

दुपारी अंकल ती लावत. सोबती बॅग घेऊन दारात पोचतो, वळून बघतो. तिथं अंकल पॉज दाबत आणि चहा संपेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवत. टेप नेमकी तिथंच घासत चालली होती. आधी डोळे गेले, मग ओठ.

“अंकल, पॉज नका करू. चेहरा पुसला जातोय.”

“मग काय, जाऊ देऊ त्याला?”

“मी कॉपी काढून आणते.”

“कॉपीत तो असेल कशावरून?” ते हसले. “आनि पुसला कुठं जातोय? तिकडं जेवढा कमी होतो, तेवढा इकडं येतो. नीट बघ.”

मी खुर्चीकडे बघितलं नाही. पण वेत करकरलेला ऐकला.

“पुढचं कधी बघता?”

“पुढचं मला पाठ हाय.”

ईस्टरनंतर अंकल गेले. भाचीनं कॅसेट मला दिली. मी ती भर दुपारी घरी लावली. दारात, चेहऱ्याच्या जागी नुसते पांढरे ठिपके. माझं बोट आपसूक पॉजवर गेलं. मी ते उचललं, आणि तो गेला.

पुढची टेप न वापरल्यासारखी होती, चित्र लख्ख. तरुण इनास दोन कप भरतो, एक रिकाम्या वेताच्या खुर्चीसमोर ठेवतो. शेजारची एक मुलगी आत येते, पाठमोरी. बसायला वाकते. इनास मान वर करतो.

“तिथं नको बसू, बाय.”

मी माझ्या घरात, माझ्याच खुर्चीवर होते. तरी उठून उभी राहिले.