विमानानं पाडलेला गडगा

गेल्या थंडीत एक छोटं विमान माझ्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, उतरलं. लोक अजून विचारतात, पायलट वाचला ना? वाचला. मालकही वाचला. दोघं आपल्या पायांनी बाहेर आले. माझ्या गडग्याचं कोणी विचारत नाही.

चार माणसांचं खाजगी विमान. इंजिन बिघडलं, धावपट्टी गाठेना, तेव्हा पायलटला माझं सपाट कातळ दिसलं. उतरवलं चांगलं, हे मी मान्य करतो. चाकं टेकली, विमान धावत सुटलं आणि कातळ संपतं तिथे गडग्यावर आदळलं. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, गडगा भुईसपाट. "वरून दिसलाच नाही," पायलट म्हणाला. कसा दिसणार? काळ्या कातळाला लागून काळ्याच दगडांचा, नुसता रचलेला बांध.

पण ती हद्द होती. अलीकडची जमीन मी मुंबईत पंधरा वर्षं राबून विकत घेतली. पलीकडची चुलतभावाची, त्याला आयती मिळालेली. गडगा मध्येच वाकडा होता, कारण तिथे माझा रातांबा, कोकमाचं झाड, आहे आणि गडगा त्याच्या पलीकडून वळसा घालून जायचा. हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं, 'दगडांचा ढीग'. मी म्हटलं, "ढीग नाही, गडगा लिहा. वाकडा गडगा."

"काका, इथे विमान पडलंय, आणि तुमचं काय चाललंय?"

मालकाचा माणूस पाकीट घेऊन आला. मी घेतलं नाही. चिऱ्याची, सिमेंटची पक्की भिंत मागितली आणि दोन दिवस घासाघीस करून कबूल करून घेतली. स्वतःवर खूश होतो. गवंडी आले आणि मी दाभोळला लग्नाला गेलो. परत आलो तर भिंत देखणी, सुतासारखी सरळ, आणि रातांबा पलीकडे.

"वाकडी भिंत कोण बांधतं?" गवंडी म्हणाला. "आम्ही विचारलं की जागेवर होते त्यांना."

जागेवर माझा चुलतभाऊ होता. मालकाच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "आधीपेक्षा चांगलं काम करून दिलंय. आता आणखी काय?"

चुलतभाऊ झाडाला टेकून ऐकत होता. "दादा, पक्की भिंत तुम्हीच मागितलीत," तो म्हणाला. "पाडायची तर आता दुसरं विमान बोलवा."

मी पहार आणली. भिंत पाडायला चार दिवस लागले. कोणाचा हात लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ तलाठ्याला घेऊन आला. तलाठी म्हणाला, मोजणी करून घ्या. अर्ज मीच केला. जुने दगड वेचून गडगाही पुन्हा रचला, होता तिथेच, रातांब्याच्या पलीकडून.

मोजणीवाले येतील तेव्हा येतील. रातांबे तेवढे मी काढून घेतले. हिरवेच, सगळे. त्यांची आमसुलं होत नाहीत. पण त्याला एकही मिळाला नाही.