तोंडातल्या टाचण्या

शिंप्याची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिने बोट दाखवायचा अवकाश, बापाने वस्तू हातात ठेवलीच म्हणून समजा. "माझ्या लेकीला तोंड उघडावंच लागत नाही," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. बायकोने उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या वर्गाचा विषय काढला की उखडायचा. "माझा काका पाचव्या वर्षी बोलला, आणि मग मरेपर्यंत थांबला नाही."

सातव्या वर्षी शाळेने हात टेकले, तेव्हा कुठे तो तिला त्या वर्गात घेऊन गेला. तिथल्या बाईंनी चेंडू उंच धरला आणि नुसती वाट पाहिली. मुलीचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. कोपऱ्यात बसलेल्या शिंप्याला राहवेना. "चेंडू," तोच बोलून गेला. मुलीने सुटका झाल्यासारखे ओठ मिटून घेतले.

"आजवर असंच होत आलंय ना, दादा?" बाई शांतपणे म्हणाल्या.

आता मुलगी एकोणीस वर्षांची आहे, दुकानात बटणं लावते. तिला कुणी काही विचारलं की शिंपी गरज नसताना चार टाचण्या ओठांत धरतो. काल एका आजींनी विचारलं, "कपडे कधी मिळतील गं?" मुलगी शब्द जुळवू लागली. आजींनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने कापडावरून मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, "शुक्रवारी."

आजी गेल्यावर त्याने टाचण्या तळहातावर काढल्या आणि त्यांच्या डबीत टाकल्या. ती तीन वर्षांची होती तेव्हाही त्या याच डबीत होत्या.