नवऱ्याच्या वाटणीच्या गोळ्या

आमच्या शेजारची सत्यभामा वयानं बत्तीस, दिसायला पन्नास. हे मी तिला तोंडावर सांगते. ती हसते, पण हसायलाही आता तिला टेकून बसावं लागतं. पंधराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हापासून दर साल ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अजिनाथनं तोडायचं, हिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. तो बिडीला बसला की तोडायचंही हिनंच.

दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून जायचं. हिरवट-पिवळं, फेसाळ, घाण वासाचं. खाज, लघवीला आग. आमच्या गल्लीत या दुखण्यावर एकच तोडगा, गर्भाची पिशवी काढा. पाच जणींनी काढली, पाची जणी अजून कंबर धरून बसतात. तरी हिनं एका खासगी दवाखान्याची तारीख घेतली.

"सरकारी गोळ्या खाल्ल्या व्हत्या की, अक्का. पंधरा दिवस बरं वाटलं, पुना तेच."

"पिशवी हाय ती, भोपळा न्हाई वेलावरनं तोडायला," म्हणत मी तिला पुन्हा सरकारी दवाखान्यात ओढत नेलं.

योगिता सिस्टरनं तपासलं. "पिशवी चांगली आहे. हा संबंधातून लागणारा जंतू. मागं नवऱ्याच्याही गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या त्यांनी?"

सत्यभामानं पदराचं टोक पिळलं. "त्यांना सांगायची लाज वाटली. वाया कशाला घालवायच्या? त्यांच्या बी मीच खाल्ल्या."

"घ्या! ऊस तू तोड, मोळी तू वाहा, नवऱ्याचं औषधबी तूच गिळ!"

मी हसले, सिस्टर हसली नाही. "पुरुषाला बहुतेकदा काही जाणवत नाही, पण जंतू असतो. तू बरी होतेस, तुला परत लागतो. दोघांनी एकाच दिवशी घ्या. आठ दिवस जवळ येणं बंद, दारू बंद."

संध्याकाळी मी तिच्यासोबत त्यांच्या घरी गेले, गोळ्या पुढं केल्या. अजिनाथ म्हणाला, "मला कावून? मी धडधाकट हाय."

सत्यभामाला आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. "नका घेऊ. मी पिशवी काढून पडते. औंदा मोळ्या बांधायला दुसरी बघा."

तो माझ्याकडं बघायला लागला. "बघतोस काय? गीळ," मी तांब्या पुढं केला. "अन् आठ दिवसात बाटली दिसली, तर गोळ्या कशावरच्या ते गल्लीभर सांगीन."

तोंड वाकडं करून गिळल्या.

ऑपरेशनच्या तारखेला सत्यभामा सिस्टरकडून तपासून आली आणि माझ्या ओट्यावर बसली. खाज नाही, आग नाही, कपडा कोरडा.

"मग तोंड का पाडलंस गं?"

"काय न्हाई, अक्का. सोमवारी ऊसतोडीची टोळी निघती. आता बरी झाले म्हंजे जावंच लागंल."