आई अजून जुबेदावर जळते

मंडळी, आज माझ्या नव्वदीच्या आईनं एका चार वर्षांच्या पोरीकडं बघून तोंड वाकडं केलं.

शेजारच्या नसरीनभाभींच्या नातीचा बिस्मिल्ला होता. पोरीला नटवतात, पहिलं अक्षर गिरवून घेतात आणि तिथून तिचं कुराण शिकणं सुरू होतं. आईनं मिठाईला हातही लावला नाही.

घरी आल्यावर विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"जळते मी," आई म्हणाली. "जुबेदाचा झाला तेव्हापासून."

म्हणजे निजामाच्या राज्यापासून. जुबेदा आईची माहेरची, गुलमंडी पेठेतली मैत्रीण. त्या दिवशी तिच्या अंगावर लाल जरीचा कुडता, गळ्यात फुलांचा हार. आई रडत घरी गेली, "मला पण शिकायला बसवा." आजोबा हसले. त्याच वर्षी मामाची मुंज झाली. मामाला मंत्र मिळाले, आईला देवाची भांडी.

मी म्हटलं, "पण देवधर्म तर जन्मभर तूच केलास."

"केला की. वाती वळल्या, नैवेद्य रांधले, पोथीला फुलं वाहिली. वाचली दुसऱ्यांनी. मी नुसती मान हलवली."

"जुबेदाला तरी कुराणाचा अर्थ कळायचा का गं?"

"नाय कळायचा. लई चुकायची, शिकवणाऱ्या उस्तानीच्या छड्या खायची. पण चूक तरी तिची सोताची होती."

हे ऐकताना माझ्या हातात वातींचा कापूस होता. संध्याकाळी पोथी वाचणार आमचे हे.

तुमच्या घरी कोण वाचतं?