भाऊंच्या कुंडीतला ओरेगॅनो

एका कुंडीपायी अख्खं घर वेठीला धरणारा माणूस पाहायचा असेल, तर सुरतेला, पांडेसऱ्यात माझ्या साडूंकडे यावं. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. कापड रंगवायच्या मिलमध्ये ते कलर मास्तर होते. ऐन माझ्या लग्नात माझा शर्ट उजेडात धरून त्यांनी "लॉट फेल" असा निकाल दिला होता. डोळे असे तेज, पण मिलमधल्या वाफांनी नाक बधिर केलं. आधी अत्तर गेलं, मग उदबत्ती, मग फोडणी. उरला फक्त गॅलरीतला ओरेगॅनो, लेकीनं पिझ्झ्याच्या हौसेनं लावलेला आणि ती सासरी गेल्यावर यांच्या गळ्यात पडलेला. "याना वास येस ना, म्हंजे नाक जित्तं से," असं ते सगळ्यांना अहिराणीत बजावत.

त्यामुळे सकाळ झाली की घरानं श्वास रोखायचा. भाऊ एक पान चुरगाळून डोळे मिटणार आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, चहाचा कप धरून दारात ताटकळणार. "वास येस!" ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडे. हल्ली ते ऐकायला वेळ लागू लागला, तसा स्वयंपाकात ओरेगॅनो वाढत गेला. शेवभाजीत, कळण्याच्या भाकरीत, एकदा तर चहात. आम्ही सगळं गिळलं.

परवाच्या रविवारी भाऊंनी भरीत केलं. वाफेनं धुरकटतो म्हणून चष्मा काढून ठेवलेला. भरतावर त्यांनी डब्यातला वाळलेला पाला मूठभर चुरला. पहिल्याच घासाला मला कळलं, डबा चुकलाय, ही कसुरी मेथी आहे. ताईनं मान खाली घातली.

भाऊ ताटावर वाकले. "देख, कसा वास इ ऱ्हायना!"

"हो भाऊ, घमघमतोय," मी म्हणालो.

ते खुशीत चष्मा लावून आणखी चुरायला गेले आणि तळहाताकडे बघत थांबले. मिलमध्ये कापडाचा तुकडा धरायचे तसा त्यांनी हात खिडकीशी नेला.

"हाई शेड ओरेगॅनोनी नही," ते हळूच म्हणाले.

पुढचं जेवण कुणाला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. भाऊ कुंडीपाशीच होते. त्यांनी पान चुरगाळलं, पण ते माझ्या नाकाखाली धरलं. "तू सांग."

मी सांगितलं. ओव्यासारखा आहे, भाऊ. जरासा तिखट. मागून उन्हात वाळलेल्या गवताचा.

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. दारात ताई कप धरून उभी होती.

"वास येस," तिच्याकडे न बघता ते म्हणाले.