दुसऱ्या गिअरची दांडी

लोटनच्या ट्रकमध्ये त्याची बायको बसते, याची एरंडोलच्या स्टँडावर बरेच दिवस टिंगल चालली. नुसती बसत नाही, गिअरची दांडी धरून बसते, हे कळल्यावर तर चहाच्या टपरीवर लोक हसून हसून बेजार झाले. हसोत बापडे. सुंदरबाईनं ती दांडी सोडली असती तर माळावरच्या साऱ्या गावाच्या घशाला कोरड पडली असती, हे त्या हसणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

ट्रक धुळ्याहून जुनाच घेतलेला. आधीच्या मालकानं त्याचा पार जीव काढला होता. मागच्या हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, त्यामुळे जड माल लादायची सोय नाही. लोटन त्यात कडबा वाहायचा आणि कसंबसं भागवायचा. पण खरं दुखणं होतं गिअरबॉक्सचं. चढाला ओझं पडलं की दुसरा गिअर आपोआप सुटायचा आणि दांडी लोटनच्या गुडघ्यावर फटकन बसायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. ग्रामपंचायतीची चाकांवर बसवलेली पाण्याची टाकी होती, पण ती ओढणारा ट्रॅक्टर इंजिन जाम होऊन बसला. दुरुस्तीचं आज करू, उद्या करू चाललं. शेवटी लोटन म्हणाला, "मी वढस ना मन्ही गाडीवरी." बोलून गेला खरा, आणि मग हिशेब करत बसला. भरलेली टाकी, नदीकाठच्या विहिरीपासून माळापर्यंतचा चढ, आणि खाली हा असा गिअरबॉक्स.

तेव्हापासून नवराबायकोनं त्या गिअरबॉक्सला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. लोटन त्यातलं काळं तेल काढायचा, सुंदरबाईच्या जुन्या लुगड्यातून गाळायचा, खाली राहिलेला लोखंडाचा चुरा बोटानं चोळून बघायचा आणि तेच तेल परत ओतायचा. नदीकाठच्या विहिरीवर टाकी भरली की चढ लागण्याआधी गाडी लिंबाखाली उभी राहायची. सुंदरबाई गिअरबॉक्सवर ओलं पोतं टाकायची. त्यासाठी टाकीतला थेंब ती घेऊ द्यायची नाही. स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी ओतायची आणि कोरड्या तोंडानं गाडीत चढायची.

मग लोटन दुसरा गिअर टाकायचा आणि ती हाताला गोणपाट गुंडाळून दोन्ही हातांनी दांडी दाबून धरायची. पायथ्यापासून माथ्यापर्यंत. खांदे भरून यायचे, दात दुखायचे. गिअरबॉक्स इतका घोगरा रडायचा की आवाज वरच्या वस्तीपर्यंत जायचा. तो ऐकला की बाया हंडेकळशा उचलून नंबर लावायला मधल्या वळणापर्यंत उतरून यायच्या आणि गाडीबरोबर चालत वर जायच्या.

लोटनला मात्र तो आवाज सोसेना. जेवताना ऐकू यायचा, झोपेतही यायचा. प्रत्येक फेरीला त्याला वाटायचं, आता फुटला. गिअर मिळतात का बघायला तो जळगावला गेला, तर त्या जुन्या गाडीचे गिअर कुठल्याच दुकानात नाहीत. जुने ट्रक विकणारा रुपचंद त्याला तिथे भेटला.

"केळी टाक," रुपचंद म्हणाला. "चांगली पिकून काळी पडलेली. वर लाकडाचा भुसा. गिअरबॉक्स असा गप्प होईल की नवी गाडी वाटेल."

"पण टिकेल का, रुपचंदभाऊ?"

"आवाजच राहिला नाही, तर बिघडायचं काय राहिलं?"

रुपचंदचं पोट याच युक्तीवर चाललेलं. गिऱ्हाईक गाडी फिरवून बघेपर्यंत ती गप्प राहिली की त्याचं काम झालं. लोटनला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणूस टेकीला आला की त्याला आपल्याला हवं तेच खरं वाटतं. येताना तो असोद्याच्या एका बागेतून टाकून दिलेली केळी पोतंभर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरून निघताना गाडी खरोखरच गप्प होती. लोटनचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. लिंबाखाली थांबायचीही त्याला गरज वाटली नाही. चढ लागला, सुंदरबाईनं दांडी धरली. आवाज गेला होता, पण दांडीची थरथर दुप्पट झाली होती. आत दात दातावर चढतोय, घसरतोय, हे तिला तळव्यात स्वच्छ कळत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "दांडी येगळीच कापस. मधमा काहीतरी शे."

"काही नही. आईक ना, कशी गप शे."

"मी हातमा धरेल शे. मी सांगस ना तुमले."

"तुले गाडीमधलं काय समजस?" लोटन म्हणाला. रोज जिच्या हातांच्या जिवावर तो चढ चढला, तिला तो हे म्हणाला. सुंदरबाईला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तरी तिनं दांडी सोडली नाही.

वळणावर आत काहीतरी तुटलं. दांडी तिच्या हातात एकदम हलकी झाली, नुसती लुळी. लोटननं ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. गाडी क्षणभर थांबली आणि मग भरलेल्या टाकीनं तिला मागे ओढायला सुरुवात केली. मागे एका बाजूला खोल घळ होती.

सुंदरबाई उडी मारून उतरली. चाकामागे दगड सरकवला, तो खडीवरून तसाच घसरत चालला. तिनं दुसरा लावला.

"टाकीना वॉल उघड," लोटन वरून ओरडला.

"बठ्ठं पानी जाई."

"जाऊ दे. गाडी मांगे चालनी. माले पाय उचलता येत नही."

तिनं वॉलला हात घातला आणि तिचे हात आखडले. वर घरोघरी रिकामे हंडे होते. शेजारच्या कुंदाबाईची बाळंतीण सून होती. तिची स्वतःची सासू तानुबाई सकाळपासून नुसते ओठ ओले करून बसली होती. वळणावर या वेळी बायांची रांग असायची, निदान चार हंडे तरी भरले असते. आज चिटपाखरू नव्हतं. येणार कशा? गाडी येतेय हे त्यांना कळलंच नव्हतं.

तिनं वॉल उघडला. पाणी धो धो सुटलं, तापलेल्या मुरमावरून घळीत गेलं. "हंडा लई या वं, पानी चालनं," असं ती घसा फाटेपर्यंत ओरडत राहिली. वारा उलटा होता. टाकी हलकी होत गेली तशी गाडी दगडांवर टेकली, आणि लोटन खाली उतरून चाकाजवळ बसला.

वाट बघून बाया उतरून आल्या तेव्हा वॉलमधून थेंब गळत होते. कुंदाबाईनं आधी टाकीकडे पाहिलं, मग घळीकडे.

"गाडी कव्हय वनी? आमले आवाजच नही वना," ती म्हणाली. "तांब्याभर बी नही ऱ्हायनं का?"

"नही," सुंदरबाई म्हणाली.

लोटननं मान वर केली नाही. "मीच आवाज बंद करेल शे," तो एवढंच म्हणाला. ते कोणाला समजलं नाही.

सुंदरबाईला त्याच्यावर चिडायचं होतं. दोन शब्द असे सुनवायचे होते की जन्मभर लक्षात राहावेत. पण त्याच्या पायांची थरथर बघून तिला नुसतं वाटत होतं, वाचला, माझा माणूस वाचला. गावाच्या पाण्यावर वाचला. कोरड्या हंड्यांच्या त्या घोळक्यात आपण मनातून सुखावलोय, याची तिला इतकी लाज वाटली की तिला कुंदाबाईच्या तोंडाकडे बघवेना.

तिनं कुंदाबाईच्या हातातली कळशी ओढून घेतली आणि विहिरीच्या वाटेनं उतार उतरू लागली. ऊन माथ्यावर होतं. थोड्या वेळानं मागून बाकीच्या बायांच्या पावलांचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.